बाकावरचा दुसरा माणूस

१८ ऑगस्ट २०१२. शनिवार, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. आर्सेनलचा हंगामातला पहिला सामना घरच्या मैदानावर, सँडरलंडशी. रॉबिन व्हॅन पर्सी, म्हणजे आदल्या हंगामात लीगमध्ये ३० गोल मारणारा कर्णधार, नुकताच मँचेस्टर युनायटेडला विकला गेला होता. चाहते चिडलेले होते. सामना ०-० सुटला. पुढच्या आठवड्यात स्टोकला गेले, तिथेही ०-०. खरं तर अशा वेळी ओरड व्हायला हवी होती की आता गोल मारणार कोण. पण चर्चा भलत्याच दिशेला गेली. तिसऱ्या सामन्यात लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर २-० हरवलं तेव्हा तर ती पेटलीच. तीन सामने झाले आणि एकही गोल खाल्लेला नाही! तेही नेहमीचा गोलरक्षक श्चेन्स्नी लिव्हरपूलविरुद्ध खेळत नसताना. हे कुणाचं काम?

उत्तर सगळ्यांच्या ओठावर होतं. मॅनेजर आर्सेन वेंगर यांच्या शेजारी त्या उन्हाळ्यापासून एक नवा माणूस बसू लागला होता. उंचपुरा, टक्कल पडलेला, चेहऱ्यावर रेषही न हलवणारा. स्टीव्ह बोल्ड, नवा सहायक प्रशिक्षक आणि एके काळचा आर्सेनलचाच सेंटर बॅक. चाहत्यांच्या लेखी त्याची नेमणूक फक्त एका कामासाठी झाली होती: बचाव शिकवणं.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. म्हणून ती भूक कुठून आली ते आधी सांगायला हवं. फेब्रुवारी २०११मध्ये न्यूकासलला आर्सेनल ४-०नं पुढे होतं आणि सामना ४-४ सुटला. त्याच महिन्यात वेंब्लीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात ८९व्या मिनिटाला कोशेल्नी आणि श्चेन्स्नी एकाच चेंडूवर एकमेकांत गोंधळले. बर्मिंगहॅमच्या मार्टिन्सनं रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलला आणि कप गेला. मग २८ ऑगस्ट २०११, ओल्ड ट्रॅफर्ड, ८-२. तो आकडा आर्सेनलवाल्यांना अजूनही कुणी उगाच ऐकवतो. त्या हंगामात लीगमध्ये ४९ गोल खाल्ले.

वेंगर यांच्याबद्दल एक समज पक्का झाला होता: हा माणूस खेळाडूंना मोकळं सोडतो, पासिंग शिकवतो, पण बचावाची घोकंपट्टी करून घेत नाही. खुद्द टोनी अ‍ॅडम्सनं, वेंगर यांच्याच हाताखाली कर्णधार असलेल्या माणसानं, २०१७ सालच्या आपल्या आत्मचरित्रात त्यांच्या प्रशिक्षणकौशल्याची खिल्ली उडवली. तेव्हा ‘बचावासाठी वेगळा माणूस आणा’ ही मागणी चाहत्यांना औषधासारखी वाटू लागली. बोल्ड आला. तीन सामने, शून्य गोल. औषध लागू पडलं!

मला या वादात रस आहे तो बोल्डपेक्षाही एका प्रश्नासाठी. बाकावरच्या दुसऱ्या माणसानं संघ बदलतो का? आर्सेनलमध्ये हा प्रश्न २०१२ साली नवा नव्हता. तो तिथे १९६७पासून मुक्कामाला आहे.

१९६६ साली आर्सेनलनं बर्टी मी यांना मॅनेजर केलं. आडनाव ‘मी’, पण फुटबॉलच्या जगात इतका कमी मीपणा असलेला मॅनेजर विरळाच. ते मूळचे क्लबचे फिजिओ. शिस्त, कारभार, माणसं सांभाळणं यांत पक्के, पण मैदानावर डावपेच शिकवणं हे आपलं काम नाही हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. ते काम आधी डेव्ह सेक्स्टन करत होते. १९६७मध्ये सेक्स्टन चेल्सीला गेले आणि जागा मिळाली डॉन हाव यांना. हाव इंग्लंडसाठी खेळलेले राइट बॅक. १९६६ साली पाय मोडला आणि खेळणं संपलं, म्हणून प्रशिक्षणाकडे वळलेले.

पुढच्या चार वर्षांत काय झालं? १९७०मध्ये फेअर्स कप, १९७१मध्ये लीग आणि एफए कप एकाच हंगामात. त्या लीग हंगामात ४२ सामन्यांत फक्त २९ गोल खाल्ले. आणि मग हाव वेस्ट ब्रॉमविचला मॅनेजर म्हणून निघून गेले, जाताना आर्सेनलच्या ताफ्यातली आणखी माणसंही घेऊन गेले. आर्सेनल लगेच कोसळलं नाही. १९७२मध्ये कपचा अंतिम सामना खेळले, १९७३मध्ये लीगमध्ये दुसरे आले. पण नंतर दहावे, मग सोळावे, मग सतरावे. १९७६मध्ये मी यांनी पद सोडलं. तिकडे हाव यांचं काय? स्वतः मॅनेजर झालेल्या हाव यांचा वेस्ट ब्रॉमविच १९७३मध्ये तळाला जाऊन खालच्या विभागात घसरला.

म्हणजे दोघंही एकमेकांशिवाय अर्धे. हाव १९७७मध्ये आर्सेनलला परतले, पुन्हा सहायक म्हणून, टेरी नील यांच्या हाताखाली, आणि संघ १९७८, १९७९, १९८० असे सलग तीन एफए कप अंतिम सामने खेळला. पुढे ते तिथे मॅनेजरही झाले. दोन-सव्वादोन वर्षं, एकही करंडक नाही. १९८८मध्ये विंबल्डननं लिव्हरपूलला १-०नं हरवून कप नेला, तेव्हा विंबल्डनच्या बाकावर दुसरा माणूस कोण होता? हाव. काही माणसं दुसऱ्या खुर्चीवरच थोर असतात. आपल्याकडे गायकाच्या मागे बसलेल्या तबलजीला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता गंमत बघा. १९७१च्या त्या दुहेरी विजेत्या संघात मधल्या फळीत जॉर्ज ग्रॅहम नावाचा स्कॉटिश खेळाडू होता. देखणा, तब्येतीत खेळणारा. धावायचा कंटाळा इतका की टोपणनावच पडलं ‘स्ट्रोलर’, म्हणजे रमतगमत चालणारा. त्याच संघाचा राइट बॅक होता पॅट राइस. हाव यांच्या तालमीतले हे दोघं पुढे आर्सेनलचा बचाव अनेक वर्षं वाहून नेणार होते, एक गाजावाजा करत आणि दुसरा जवळजवळ न दिसता.

रमतगमत चालणारा ग्रॅहम १९८६मध्ये मॅनेजर म्हणून आला तो हेडमास्तर होऊनच. १९८७मध्ये विंबल्डनहून नायजेल विंटरबर्न आणला, १९८८च्या जानेवारीत स्टोकहून ली डिक्सन आणि त्याच उन्हाळ्यात स्टोकहूनच ३ लाख ९० हजार पौंडांत स्टीव्ह बोल्ड. टोनी अ‍ॅडम्स घरचाच, हाव यांच्या काळात वर आलेला. १९९०मध्ये मागे डेव्हिड सीमन उभा राहिला. मार्टिन कीओन लहानपणी इथेच शिकून, बाहेर फिरून १९९३मध्ये परतला. ग्रॅहम या चौघांना दोरी धरायला लावून मैदानभर चालवायचा, अशी गोष्ट आर्सेनलवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दोरी ताणली तरी चूक, सैल पडली तरी चूक.

दोरीची गोष्ट रंगवलेली असेल वा नसेल, तिच्यातली कल्पना खरी आहे, आणि बचाव शिकवणं म्हणजे नेमकं काय हे तिच्यातूनच कळतं. टॅकल कसं करायचं हे या पातळीवरच्या खेळाडूला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते चौघांनी एकाच क्षणी एकच निर्णय घेणं. समोरच्याच्या पायात चेंडू आहे आणि त्याच्यावर आपला कुणी धावून गेलाय? मग त्याला लांब पास देता येणार नाही, म्हणून चौघं पुढे. त्याच्यावर कुणी नाही, मान वर आहे? मग चौघं मागे. चेंडू उजवीकडे गेला तर डावा फुलबॅक आत. एकजण अर्धा सेकंद उशीर करतो आणि ऑफसाइड ट्रॅपचं दार उघडं पडतं. हे समजायला एक दुपार पुरते, अंगात भिनायला दोन वर्षं लागतात. अ‍ॅडम्सचा वर गेलेला हात इतका प्रसिद्ध झाला की ‘द फुल मॉन्टी’ या १९९७च्या सिनेमात शेफील्डच्या बेकार कामगारांना नाचाची एक स्टेप समजेना, तेव्हा ती आर्सेनलच्या ऑफसाइड ट्रॅपसारखी असं सांगितल्यावर पटकन जमते.

निकाल? २६ मे १९८९ला अ‍ॅनफिल्डवर दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं, २-० जिंकले, लीग जिंकली. १९९०-९१मध्ये ३८ सामन्यांत एकच हार, १८ गोल खाल्ले. १९९४मध्ये कोपनहेगनला पार्माविरुद्ध १-० आणि युरोपातला करंडक. ‘वन निल टू दी आर्सेनल’ हे त्या काळाचं घोषवाक्यच झालं. कंटाळवाणं म्हणून इतरांनी हिणवलं आणि यांनी ते हिणवणं छातीवर बिल्ल्यासारखं लावून मिरवलं.

इथे एक लक्षात ठेवा. ग्रॅहमला बचाव शिकवायला वेगळा माणूस लागला नाही, कारण तो स्वतःच तो माणूस होता. मी यांना लागला, कारण ते तसे नव्हते.

वेंगर १९९६मध्ये आले तेव्हा त्यांना हा बचाव आयता मिळाला. त्यांनी त्याला हात लावला नाही. खाणंपिणं सुधारलं, स्ट्रेचिंग आणलं, तिशी ओलांडलेल्या त्या माणसांची आणखी काही वर्षं वाढवली. वर मोकळीकही दिली. ३ मे १९९८ला एव्हर्टनवर ४-० विजय मिळवून लीग जिंकली, त्यातला शेवटचा गोल आठवा. मधून चेंडू उचलून पुढे टाकणारा बोल्ड, धावत जाऊन डाव्या पायानं मारणारा अ‍ॅडम्स. एका सेंटर बॅकनं दुसऱ्या सेंटर बॅकला दिलेला पास! ग्रॅहमच्या काळात हे दोघं मध्यरेषा ओलांडायचे ते कॉर्नरसाठी. पुढच्या हंगामात लीगमध्ये फक्त १७ गोल खाल्ले, ग्रॅहमपेक्षाही एक कमी, आणि तरी एका गुणानं लीग हुकली.

आणि या सगळ्या काळात वेंगर यांच्या शेजारी कोण बसत होतं? पॅट राइस. १९९६ ते २०१२, सोळा वर्षं. २०१२मध्ये ‘आता बचाव कळणारा माणूस आला’ म्हणून पेढे वाटणारे चाहते विसरले होते की गेलेला माणूसही बचावपटूच होता, हाव यांच्या तालमीतला. ८-२च्या दिवशीही बाकावर तोच होता आणि २००३-०४मध्ये लीग न हरता जिंकली तेव्हाही तोच. मग श्रेय कधी द्यायचं आणि दोष कधी?

यावर बोल्डसमर्थकांकडे एक हुकमी पान असायचं: २००६. त्या हंगामात मार्टिन कीओन निवृत्त होऊन प्रशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यास करत होता आणि त्या निमित्तानं आर्सेनलच्या बचावपटूंबरोबर मैदानावर काम करत होता. लॉरेन, कॅम्पबेल, कोल जखमी. उरले एबुए, तुरे, सेंडेरोस आणि लेफ्ट बॅकला फ्लामिनी, जो मुळात मिडफिल्डर. या जोडतोड बचावानं चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद, युव्हेंटस, व्हियारेआल यांना दोन-दोन सामन्यांत एकही गोल करू दिला नाही. आधीच्या गटातले धरून सलग दहा सामने, ९९५ मिनिटं, शून्य गोल. तो विक्रम झाला. व्हियारेआलविरुद्ध शेवटच्या मिनिटाला रिकेल्मेची पेनल्टी लेमाननं अडवली आणि आर्सेनल पॅरिसच्या अंतिम सामन्यात पोचलं. तिथे अठराव्या मिनिटाला लेमानला लाल कार्ड, आधी १-०नं पुढे, शेवटी बार्सेलोनाकडून १-२.

हे पान जोरदार आहे, मान्य. पण ते उलटूनही बघा. त्याच वसंतात, त्याच सरावाच्या मैदानावरून निघून, तोच क्लब लीगमध्ये घरी वेस्ट हॅमकडून २-३ हरत होता, लिव्हरपूल आणि ब्लॅकबर्नकडे एकेका गोलानं पडत होता. कीओन मंगळवारी शिकवत होता आणि शनिवारी नव्हता, असं थोडंच आहे? युरोपात वेंगर यांनी त्या वर्षी मधल्या फळीत पाच माणसं ठेवली आणि पुढे एकट्या ऑन्रीला. चार जणांच्या पुढ्यात पाच जणांची भिंत असली की त्या चौघांचं काम निम्मं होतं. चांगल्या बचावात मधल्या फळीचा हा वाटा चाहत्यांच्या हिशेबात कधी येत नाही. मला वाटतं, कीओनचा हात होताच. पण मॅनेजरनं संघाची बांधणीच तशी केली नसती तर तो हात हवेत राहिला असता.

आता २०१२ला परत येऊ. तीन सामन्यांच्या शून्यानंतर साउदम्प्टनवर ६-१. मग सप्टेंबरच्या शेवटी चेल्सीनं घरी येऊन २-१ हरवलं, दोन्ही गोल फ्री किकवरून. ३० ऑक्टोबरला लीग कपमध्ये रेडिंगनं आर्सेनलला ४-०नं मागे टाकलं. सामना आर्सेनलनं जिंकला, पण ७-५! अकरा दिवसांनी फुलमशी ३-३. आता तेच चाहते उलट बोलू लागले: बोल्डला शिकवूच देत नाहीत, वेंगर यांनी त्याचे पंख कापलेत. दोघांत बिनसल्याच्या अफवा आल्या, वेंगर यांनी त्या फेटाळल्या. टीव्हीवर बोल्ड दिसायचा तो हाताची घडी घालून गप्प बसलेला, आणि त्या गप्पपणाचे अर्थ लावणं हा एक उद्योग झाला.

मार्च २०१३मध्ये आर्सेनल टॉटनहॅमकडून २-१ हरलं. दोन्ही गोल तसेच, चौघांची रेघ मोडलेली आणि मध्ये दार सताड उघडं. त्यानंतर म्युनिकला बायर्नविरुद्ध कर्णधार फर्मालेनलाच बाहेर बसवलं आणि कोशेल्नी-मर्टेसाकर ही जोडी पक्की झाली. एक चपळ, पुढे झेपावणारा. दुसरा संथ, पण आधीच जागेवर उभा असणारा. तिथे २-० जिंकले, आणि लीगमध्ये शेवटचे दहा सामने हरले नाहीत. १९ मेला न्यूकासलला १-०, गोल कोशेल्नीचा. टॉटनहॅमपेक्षा एका गुणानं वर, चौथा क्रमांक. वर्षभरात खाल्लेले गोल ४९वरून ३७वर आले. मग हे बोल्डचं, की जोडीचं, की कर्णधाराला बसवायचं धाडस करणाऱ्याचं?

पुढचं वर्ष तर वाद घालणाऱ्यांसाठी पर्वणी. २०१३-१४मध्ये लीगमध्ये ४१ गोल खाल्ले. त्यांतले २० फक्त चार सामन्यांत: सिटीकडे ६, लिव्हरपूलकडे ५, चेल्सीकडे ६, एव्हर्टनकडे ३. चेल्सीचा तो सामना वेंगर यांचा हजारावा. उरलेल्या ३४ सामन्यांत २१! श्चेन्स्नीनं १६ क्लीन शीट ठेवून गोल्डन ग्लव्ह चेकबरोबर वाटून घेतला. रोजच्या सामन्याला शिस्त दिसायची आणि मोठ्या मैदानावर पहिल्या वीस मिनिटांत दोर तुटायचा. शिकवलेलं होतं, म्हणूनच ३४ सामने तगले. पण दोन्ही फुलबॅक वर पाठवून, मधली फळी उघडी ठेवून लिव्हरपूलला भिडायचं हा निर्णय दुसऱ्या माणसाचा नसतो.

माझं मत इथे पक्कं होतं. सहायक किती मोठा ठरेल हे मॅनेजर त्याच्यासाठी किती जागा रिकामी सोडतो यावर आहे. मी यांनी अख्खं मैदान सोडलं. ग्रॅहमनं तसूभरही नाही, त्याला गरज नव्हती. वेंगर यांनी सोडली तेवढी, जेवढी सोमवार-मंगळवारच्या सरावात मावते. २०१८मध्ये वेंगर गेले, उनाय एमरी आले, बोल्ड तिथेच राहिला. वेंगर यांच्या शेवटच्या हंगामात लीगमध्ये ५१ गोल खाल्ले होते. एमरींच्या पहिल्या हंगामात किती? ५१. ज्यांना बोल्ड निर्दोष वाटायचा तेही या आकड्यापुढे गप्प झाले, आणि ज्यांना वेंगर दोषी वाटायचे तेही. २०१९च्या उन्हाळ्यात बोल्डला तेवीस वर्षांखालच्या संघाकडे पाठवलं, २०२१मध्ये तो क्लब सोडून गेला. पोरांना शिकवणं हे त्याचं जुनंच काम होतं; २००९चा एफए युथ कप त्याच्याच मुलांनी जिंकला होता, आणि त्या मुलांत जॅक विल्शर होता. त्याच्याबद्दल तेव्हा कुणी वाद घातला नाही.

२०२१मध्येच मिकेल आर्तेतानं मँचेस्टर सिटीहून निकोला जोव्हेर नावाचा फ्रेंच माणूस आणला, फक्त सेट पीससाठी: कॉर्नर, फ्री किक, मारायचे आणि अडवायचेही. २०२३-२४मध्ये आर्सेनलनं लीगमध्ये २९ गोल खाल्ले, सगळ्या संघांत सर्वांत कमी. आकडा १९७१चाच, सामने चार कमी. स्टेडियमजवळच्या भिंतीवर जोव्हेरचं चित्र रंगवलं गेलं. कॉर्नर मिळाला की कॅमेरा आता त्याच्याकडे वळतो. फुटबॉलच्या नियमानुसार बाकासमोरच्या चौकोनात उभं राहून एका वेळी एकाच माणसाला सूचना देता येतात. जोव्हेर उठून रेषेपाशी येतो, हातवारे करतो, आणि तेवढा वेळ आर्तेता दोन पावलं मागे जाऊन उभा राहतो.